सडकं मटण आणि महागाची लवंग

शाळेतून फोन आला तेव्हा मी गच्चीवर धण्यांतले खडे निवडत होते. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "मंगळवारी डेमो लेसन द्या. आठवी ब, इतिहास. विषय आहे, युरोपच्या व्यापारात मसाले एवढे मौल्यवान का होते. मराठीतून शिकवायला जमेल ना?" मी "येस मॅडम" म्हणाले. फोन ठेवल्यावर आपण नेमकं कशाला येस म्हटलं ते लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता. परत फोन करून नाही म्हणण्यासाठी जी हिंमत लागते ती माझ्यात असती, तर मला डेमोची भीती वाटलीच नसती.

हा माझा तिसरा डेमो. पहिल्या डेमोत मी पूर्ण तासभर फळ्यावर युरोपचा नकाशा काढत होते, कारण नकाशा काढताना वर्गाकडे पाठ करता येते. इटली फार छान जमली होती. त्या शाळेने नंतर फोन केला नाही. दुसऱ्या डेमोत माझा आवाज इतका हळू होता की शेवटच्या बाकावर बसलेले परीक्षक उठून पहिल्या बाकावर आले. ते जवळ आल्यामुळे मी आणखी हळू बोलू लागले. शेवटी मी काय बोलले ते बहुतेक मलाच ठाऊक असावं.

तिसराही गेला तर काय होणार हे घरात ठरलेलं होतं. मामाच्या ओळखीच्या एकांचे शहरात सदरला कोचिंग क्लासेस आहेत. तिथे रिसेप्शनवर जागा होती. काम सोपं होतं, असं मामा म्हणायचा: दिवसभर खुर्चीत बसायचं, येईल त्याच्याशी गोड बोलायचं आणि फोन उचलायचे. एम.ए.ला इतिहास घेताना मी एकच गोष्ट पाहिली होती, की त्यातले सगळे लोक मेलेले आहेत आणि कोणी फोन करणार नाही. आता एक मे पर्यंत मामाला हो किंवा नाही सांगायचं होतं. शाळांच्या मुलाखतीही एप्रिलमध्येच आटपतात. म्हणजे हा मंगळवार शेवटचा.

माझी अडचण नुसत्या आवाजाची नव्हती. मी बालवाडीपासून इंग्रजी शाळेत. घरी आम्ही वऱ्हाडी बोलतो आणि पुस्तकं मी इंग्रजीत वाचते. मधली जी मराठी असते, शिक्षकांची, बातम्यांची, ती मला ऐकून समजते, पण तोंडात बसत नाही. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांच्यात मी आजही अडखळते. म्हणून मी इंग्रजीतून वाचलं, मोबाइलवर शब्द शोधले आणि तीन पानं मराठी टिपण तयार केलं. त्यातला मुख्य मुद्दा असा: जुन्या काळी युरोपात मांस टिकत नसे, म्हणून 'कुजट मांसाची दुर्गंधी झाकण्यासाठी' मसाल्यांना अतोनात मागणी होती. हे मी शाळेत शिकले होते, कॉलेजात परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याला चांगले मार्कही पडले होते. 'कुजट' हा शब्द मला सापडला त्याचा मला फार अभिमान वाटत होता. आरशासमोर मी तो वेगवेगळ्या प्रकारे म्हणून पाहिला.

सोमवारी आईने मला मसाल्याच्या चक्कीवर पाठवलं. आमच्याकडे वर्षाचा मसाला एप्रिलमध्ये होतो. आई दोन दिवस एकेक जिन्नस तेलावर भाजते, मग सगळं एका मोठ्या डब्यात भरते. लवंग, वेलची, जायपत्री अशा महागाच्या वस्तूंची मात्र वेगळी पुडी बांधून ती डब्यात सगळ्यांत वर ठेवते. चक्कीवर डबा सोडून कोणी घरी येत नाही. घरातलं एक माणूस तिथे बसतं, आपला मसाला मशीनमध्ये पडताना बघतं आणि पुडी स्वतःच्या हाताने रिकामी करतं. नाहीतर तुमची लवंग दुसरीच्या भाजीत जाते, असं सगळ्याजणी मानतात. चक्कीवाल्या काकू स्वतः हे ऐकून हसतात आणि त्यांच्या स्वतःच्या मसाल्याच्या वेळी मात्र मशीनला चिकटून उभ्या राहतात.

"कोणाशी बोलत नको बसू," आईने जाताना बजावलं. "अन् कोणी विचारलं का कशात काय किती टाकलं, त मले माहीत नाही म्हणजो."

पहिल्या सूचनेची गरज नव्हती. दुसरीचीही नव्हती, कारण मला खरंच माहीत नव्हतं.

माझ्या आधी तीन नंबर होते. पहिलीचं निम्मं झालं आणि लाइट गेली. चक्कीवाल्या काकूंनी पदराने वारा घेत सांगितलं की येईल, नाही आली तर उद्या या. कोणी उठलं नाही. चारही डबे रांगेत आणि आम्ही चौघी भिंतीला टेकून. हवेत एवढी मिरची होती की प्रत्येक वाक्यानंतर कोणीतरी शिंकत होतं. मी टिपण काढून पाठ करू लागले. मनात म्हणतेय असं मला वाटत होतं, पण ओठ हलत असावेत.

"काय पुटपुटून राहिली वं?" शेजारच्या काकूंनी विचारलं. त्या कन्हानहून आल्या होत्या. लेकीकडे आल्या की तिचा मसाला करून देतात, असं त्यांनी मगाशीच सगळ्यांना सांगितलं होतं.

"उद्या शिकवायचं आहे. शाळेत."

"मंग आम्हाले शिकव. लाइट त नाही."

मी जमिनीकडे बघत सांगितलं की पूर्वी युरोपातले लोक मसाल्यासाठी सोनं मोजायचे, कारण त्यांचं मांस कुजट व्हायचं आणि ती दुर्गंधी झाकायला मसाले लागायचे. 'कुजट' नीट म्हटला गेला. मला बरं वाटलं.

काकू माझ्याकडे वळल्या. "म्हणजे मटन सडलं?"

"हो."

"अन् त्याच्यात लवंग टाकली?"

"हो."

"महागाची होती म्हणतं ना तू लवंग? सोन्यासारखी?"

"हो."

"मंग सडक्या मटनाले कोण टाकते वं लवंग? ताजं मटन नाही घेत का?"

पलीकडची बाई, जी मघापासून झोपल्यासारखी बसली होती, डोळे न उघडता म्हणाली, "ज्याच्या घरी सोन्याची लवंग हाये, त्याच्या घरी बकरा रोज ताजा कापत असन. सडकं खाणाराले लवंग कुठून परवडन?"

"अन् मटन ठेवालेच लागलं त मीठ लावाव," तिसरी म्हणाली. "वाळवाव. धुरावर टांगाव. मीठ काय महाग असते?"

"बरं, लवंग टाकल्यानं सडका वास जाते का?" चक्कीवाल्या काकूंनी विचारलं. हा त्यांच्या धंद्याचा प्रश्न होता आणि त्यांनी उत्तरही स्वतःच दिलं. "नाही जात. मी सांगतो तुले. उलटा दोन वास येते."

मी शाळा, कॉलेज आणि तीन पानं तिन्ही बाजूला ठेवली. मी मोबाइल काढला. इंग्रजीत जरा नीट शोधलं, तर दुसऱ्याच पानावर सापडलं: ही सडक्या मांसाची गोष्ट अभ्यासकांनी कधीच मोडीत काढली आहे, आणि कारण अगदी तेच, जे डोळे मिटलेल्या बाईने सांगितलं होतं. ज्यांना मसाला परवडायचा त्यांना ताजं मांस सहज परवडायचं. मी एवढी वर्षं पहिल्याच पानावर थांबत होते.

"मंग काहून महाग होता?" कन्हानच्या काकूंनी विचारलं. आता मला सोडायला त्या तयार नव्हत्या.

मी वाचून सांगितलं. मिरी आपल्याकडच्या मलबार किनाऱ्याची. लवंग आणि जायफळ पार पूर्वेकडच्या मोजक्या बेटांवर होणारं, दुसरीकडे कुठेच नाही. तिथून जहाजाने, मग दुसऱ्या जहाजाने, मग उंटावर, मग परत जहाजात, व्हेनिसला. तिथून पुढे युरोपभर. प्रत्येक ठिकाणी नवा व्यापारी, नवा कर.

"आमच्या वांग्याचं असंच हाये," काकू म्हणाल्या. "माह्या भावाच्या वावरातून वांगं निघते तवा त्याले कोणी कुत्रं विचारत नाही. कळमन्याच्या बाजारात गेलं, दलालाच्या हाती पडलं. तिथून ठोकवाला, तिथून ठेलेवाला. सदरले पोचते तवा बाई हात लावून पाहते अन् भाव ऐकून ठेवून देते. अन् हे त एका दिवसाचं. तुही लवंग किती दिवस चालली म्हणतं?"

"वर्ष लागायचं. जास्तच."

"मंग होईनच ना महाग."

"अन् मोठे लोक त महाग हाये म्हणूनच घेते," तिसरी म्हणाली. "माह्या जाऊनं लेकीच्या लग्नात साध्या भातात काजू टाकले. खाल्ले कोणी? पाहिले साऱ्यांनी."

मी तेही शोधलं. होतं तसंच. मेजवानीत मसाल्यांची ताटं नुसती मिरवायची पद्धत होती. शिवाय मसाला म्हणजे औषध, अंगात ऊब आणणारी वस्तू, असा वैद्यांचा भरवसा होता. आणि हा माल येतो कुठून ते युरोपात कुणाला धड माहीत नव्हतं. दालचिनी मोठे पक्षी चोचीतून आणतात आणि कड्यावर घरटी बांधतात, असं व्यापारी सांगायचे. लोक विश्वास ठेवायचे.

मग कन्हानच्या काकू अगदी सहज स्वरात म्हणाल्या, "तुह्या मायच्या मसाल्यात दगडफूल किती असते वं?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"पाय कशी शिकवून पाठवली मायनं," त्या म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. मी खरं बोलले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणीतरी धूर्त समजलं. मी ते खोडून काढलं नाही.

लाइट आली नाही. आम्ही आपापले डबे उचलून घरी गेलो. भाजलेला मसाला रात्रभर तसाच राहणार म्हणून आई चिडचिडत होती. मी तीन पानं फाडली आणि नवीन लिहायला बसले, पण दीड पानावर अडकले. माझ्या लक्षात आलं की त्या चौघींच्या तोंडून जे दहा मिनिटांत कळलं, ते माझ्या टिपणात 'वितरणसाखळीतील मध्यस्थांची भूमिका' असं उतरलं होतं. सकाळी निघताना मला वाटलं, निदान हातात काहीतरी असावं. डबा स्वयंपाकघरात होता आणि पुडी सगळ्यांत वर. मसाला संध्याकाळी दळायचा होता. चार वाजेपर्यंत पुडी जागेवर येईल, असा हिशेब करून मी ती पर्समध्ये टाकली. आईला विचारलं नाही. विचारलं असतं तर बोलावं लागलं असतं.

आठवी ब चा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. मागे दोन खुर्च्या, एकीवर मुख्याध्यापिकाबाई, दुसरीवर पर्यवेक्षक सर, हातात पेन आणि मार्कांचा कागद. मी सुरुवात केली. "आज आपण मध्ययुगीन युरोपच्या..." इथपर्यंत मला माझाच आवाज ऐकू आला, त्यानंतर नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीने कानामागे हात धरला. मागच्या ओळीत कोणीतरी जांभई दिली. माझे डोळे फळ्याकडे वळू लागले. इटली हाताशी होतीच.

वेळ काढायला म्हणून मी पुडी उघडली आणि पहिल्या बाकावर दिली. "यात लवंग आहे, वेलची, जायपत्री आहे. वास घ्या आणि मागे द्या." पुडी मागे जाईपर्यंत दोन-तीन मिनिटं तरी मला बोलावं लागणार नव्हतं. माझी अध्यापन पद्धती एवढीच होती.

कागद सरकत गेला. कुजबुज, हसू, कोणीतरी खोकलं, कोणीतरी "बे, तिखट आहे" म्हणालं. मी खिडकीबाहेर पाहत होते. मग शेवटच्या बाकावरून एका मुलीचा आवाज आला, "मॅडम, आमच्यापर्यंत काहीच नाही आलं. नुसता कागद आला."

वर्ग हसला. माझ्या डोळ्यांपुढे आई आली. पुडी भरलेली होती. वर्षाची होती.

"सगळ्या कुठे गेल्या?" मी विचारलं. हे मात्र मोठ्याने विचारलं गेलं.

"मी एकच घेतली मॅडम."

"मी पण एकच."

"हा खोटं बोलून राहिला मॅडम, यानं मूठ घेतली."

"मूठ नाही, चार."

शेवटच्या बाकावरची मुलगी उभीच होती. तिला खरंच वाईट वाटलं होतं. "आम्हाला वास पण नाही," ती म्हणाली. तेवढ्यात मधल्या रांगेतली दोन वेण्यांची एक मुलगी खिशातून एक लवंग काढून म्हणाली, "मी देते. काय देशील?"

"पेन."

"माझ्याकडे आहे पेन. डब्यात काय आहे?"

"आलूबोंडा. अर्धा देते."

"अर्धा नाही, पूर्ण."

"एका लवंगेला?"

"मग नको घेऊ. दुसरीकडे नाहीच मिळत."

मागे पर्यवेक्षक सरांनी लिहिणं थांबवलं होतं. मी बघत राहिले आणि मला कळलं की मला आता फक्त नावं द्यायची आहेत. मी पहिल्या बाकाजवळ गेले. "हे लवंगेचं बेट," मी म्हणाले. "इथे लवंग भरपूर, हिला काही किंमत नाही." मग पुढच्या बाकाजवळ, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक बाकावर एक बंदर बसवत, एक व्यापारी बसवत गेले. दोन वेण्यांच्या मुलीला मी व्हेनिस म्हटलं, तिला ते आवडलं. शेवटच्या बाकाशी पोचले तोवर माझी तासून ठेवलेली मराठी केव्हाच गळून पडली होती. "अन् हा युरोप," मी म्हणाले. "यायले लवंग माहीत आहे, पण ती कुठून येते ते माहीत नाही. मंग हे आलूबोंडा काहून नाही देणार?"

मुलं हसली, पण माझ्यावर नाही. किंवा माझ्यावरच असतील, मी विचारायला थांबले नाही. एकाने विचारलं, मग युरोपवाल्याने थेट पहिल्या बाकावरच का नाही जायचं? मी म्हणाले, तेच तर पुढे झालं, जहाजं काढून निघाले ते, आणि नंतरची कितीतरी वर्षं आपल्याला ते महागात पडलं. घंटा झाली.

पर्यवेक्षक सर पुढे आले. "मांस टिकवण्याचं कारण राहिलं तुमचं," ते म्हणाले. "सगळ्या गाइडमध्ये पहिला मुद्दा तोच असतो."

मुलं अजून वर्गातच होती. मी सरांच्या शर्टाच्या खिशाकडे पाहून बोलले. "सर, लवंग मटणापेक्षा कितीतरी महाग होती. सडक्या मटणाला ती कोण घालेल? आणि टिकवायला मीठ होतं."

सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. "ठीक आहे, कळवू," ते म्हणाले. हे शब्द मला आधीच्या दोन शाळांमुळे चांगले पाठ होते.

घरी आई डबा घेऊन दारातच उभी होती. "पुडी कुठी हाये?"

मी सांगितलं.

"साऱ्या लवंगा?"

"हो."

"अन् जायपत्री?"

"ती त्यांनी थुंकली."

आईने डबा खाली ठेवला. तिने पायात चप्पल घातली, किराणा दुकानात जाऊन पुन्हा सगळं आणलं आणि स्वतःच चक्कीवर गेली. तिथे तिने काय सांगितलं कोण जाणे, पण परत आल्यावर दोन दिवस ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती. डेमो कसा झाला हे तिने विचारलं नाही. मला आधी वाटलं रागाने. मग लक्षात आलं, तिला ऐकायची भीती वाटत होती. तिने मामाचा नंबर कागदावर लिहून फ्रिजवर लावला होता.

शुक्रवारी फोन आला. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "तुमचं सिलेक्शन झालं आहे. तुमचं शिक्षण इंग्रजीतून झालं आहे, तर आम्ही तुम्हाला पाचवी-सहावीचं इंग्रजी देतोय. इतिहासाला आमच्याकडे सर आहेत."

आई भाजी चिरता चिरता थांबली होती. मी हो म्हणणारच होते. 'येस' तर ओठांवर आलंही होतं. नोकरी मिळत होती, रिसेप्शन टळत होतं, सहावीतल्या मुलांसमोर कविता म्हणायच्या आणि घरी यायचं. पण मला ती शेवटच्या बाकावरची मुलगी आठवली, अर्ध्या आलूबोंड्यावर अडून बसलेली, आणि वाटलं की पुढे काय झालं ते तिला गाइडमधून कळणार. मी म्हणाले, "मॅडम, इंग्रजी घेईन. पण इतिहासाचा एक वर्ग तरी द्या. नाहीतर," इथे मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं, "नाहीतर मला विचार करावा लागेल." विचार करण्यासारखं माझ्याकडे काहीही नव्हतं. दुसरी शाळा नव्हती, तिसरीही नव्हती. फक्त फ्रिजवर कागद होता.

बाईंनी कागद चाळल्याचा आवाज आला. "जूनपासून नववी ब आहे," त्या म्हणाल्या. "तीच मुलं, जी तुम्ही पाहिली. त्यांना कोणी घेत नाही हो. चालेल?"

"चालेल."

"आणि वर्गात खायचं काही आणायचं नाही."

"नाही आणणार."

आईने हात धुतले, पुसले आणि फ्रिजवरचा कागद काढून माझ्या हातात दिला. "मामाले तूच सांग," ती म्हणाली. "मी नाही सांगत."

मी मामाला फोन लावला. म्हणाले, "मामा, मी रिसेप्शनवर नाही येत. मले शाळेत नोकरी लागली."

"पण इथं त सोपं होतं सारं," मामा म्हणाला. "काहून पण?"

मी त्याला पहिल्यापासून सांगायला घेतलं. मलबारपासून. बोलता बोलता मी बेटांपर्यंत पोचले, उंटांपर्यंत पोचले, आणि व्हेनिसला आले तेव्हा मामा म्हणाला, "बरं बरं, समजलं. तुह्या मायले फोन दे."